हेडफोन ॲम्पच्या कामाच्या नोंदी: आयसीच्या आधी ग्राउंड बघा

१८ जानेवारी

मित्रासाठी हेडफोन ॲम्प, म्हणजे हेडफोनचा आवाज वाढवणारं छोटं यंत्र, बनवायचं काम हातात घेतलंय. तो गावोगावी जाऊन भजन, कीर्तन, भारूड रेकॉर्ड करतो आणि रात्री घरी बसून मिक्स करतो, स्पीकर लावायची सोय नाही कारण लेकरं झोपलेली असतात, म्हणून त्यानं बेयरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो घेतला, २५० ओमवाला. हेडफोन झकास आहे पण लॅपटॉपला डायरेक्ट लावला की आवाज पुरत नाही. हिशोब करून बघितला तर त्याचं म्हणणं बरोबर आहे. लॅपटॉपचा जॅक अर्धा व्होल्ट देतोय असं धरा, ०.५ चा वर्ग भागिले २५० म्हणजे १ मिलिवॅट, आणि १ मिलिवॅटला हा हेडफोन ९६ डेसिबल देतो. आकडा मोठा वाटतो खरा, पण हे सगळ्यात जोरकस ठोक्याचं झालं. कीर्तनात पखवाजाची थाप आणि बुवांचं साधं बोलणं यात वीस-पंचवीस डेसिबलचं अंतर सहज असतं, म्हणजे बोलणं सत्तर-पंच्याहत्तरवर आलं, आणि मिक्सिंग करणाऱ्याला नेमकं तिथलंच बारीक ऐकायचं असतं. तेव्हा तिप्पट तरी व्होल्टेज पाहिजे.

माझा स्वतःचा हेडफोन ३२ ओमचा आहे, त्याचं गणित उलटं. त्याला व्होल्टेज कमी लागतं पण करंट जास्त, १ व्होल्टला ३१ मिलिॲम्पिअर, आणि शिखराला ४४. एकाच ॲम्पवर दोन्ही नीट चालले पाहिजेत असं ठरवलंय.

सर्किट सीमॉयचं घेतो. चू मॉय यांचं हे पॉकेट ॲम्प जगभर हजारो लोकांनी बनवलंय, एक दुहेरी ऑपॲम्प (सिग्नल मोठा करणारा आयसी, एकात दोन), ९ व्होल्टची बॅटरी आणि मूठभर सुटे भाग, बस. लहान सर्किट असलं की बिघाड लपून राहत नाही, म्हणून सुरुवातीला मला हेच आवडतं.

२२ जानेवारी

सामानासाठी स्टेशन रोडला गेलतो. परभणीत ऑडिओचे आयसी म्हणजे ४५५८ पाहिजे तेवढे, टीडीए२०३०, ४४४० चे तयार बोर्ड तर ढिगानं, डीजेवाल्यांमुळं ते रोज खपतात. मला पाहिजे त्या ऑपॲम्पमधला एनई५५३२ मिळाला, ओपीए२१३४ नाही मिळाला, तो मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून मागवलाय. तोवर ५५३२ वर काम चालू करतो, दोन्हीच्या पिना सारख्याच आहेत, आयसी बेस (सॉकेट) टाकला की नंतर नुसता आयसी बदलायचा.

झिरो बोर्डवर (नुसत्या भोकांच्या कोऱ्या बोर्डवर) बनवतोय. पहिलं काम म्हणजे तांब्याची जाड कोरी तार घेऊन ती बोर्डाच्या मधोमध लांब सोल्डर केली, हे आपलं ग्राउंड. सगळे भाग याच तारेवर येऊन मिळतील. बारीक पट्टीवरून ग्राउंड फिरवत नेलं की डाव्या चॅनेलचा करंट उजव्याच्या वाटेत येतो, म्हणून जाड तार.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून आल्यावर पहिल्यांदा बॅटरी जोडली. हेडफोन लावायच्या आधी मल्टिमीटर, हा नियम आहे, कारण आउटपुटला डीसी (एकाच दिशेचा स्थिर करंट) असला तर हेडफोनची कॉइल तापते आणि गेली तर परत येत नाही.

एका बॅटरीतून प्लस, मायनस आणि मधलं ग्राउंड काढायला सीमॉयमधे ४.७ किलोओमचे दोन रेझिस्टन्स आणि दोन कंडेन्सर असतात. बॅटरी ८.८ व्होल्ट, मोजलं तर वर ४.४ खाली ४.४, एकदम बरोबर. मग एक जुना ३२ ओमचा इअरफोन लावला, गेला तरी चालेल असा. आवाज आला पण फाटका, घोगरा. इअरफोन लावलेलाच ठेवून परत मोजलं तर वर ६.९ आणि खाली १.९. इअरफोन काढला की परत ४.४-४.४.

म्हणजे मधलं ग्राउंड जागेवर राहायलंच नाही. बैलजोडीत एक बैल जोर लावायला लागला की जू तिरकं होतं, तसं झालंय. आता हा जोर लावतोय कोण ते शोधायचं. ५५३२ च्या इनपुट पिनमधे थोडा करंट सतत जात असतो, साधारण २०० नॅनोॲम्पिअर. सर्किटात त्या पिनेवरून ग्राउंडला १०० किलोओमचा रेझिस्टन्स आहे. २०० नॅनो गुणिले १०० किलो म्हणजे २० मिलिव्होल्ट, आणि गेन, म्हणजे सिग्नल वाढवायचं प्रमाण, ११ पट, तर आउटपुटला २२० मिलिव्होल्ट डीसी, तोही मायनसकडं. ३२ ओमला २२० मिलिव्होल्ट म्हणजे ७ मिलिॲम्पिअर झाले, आणि हा सगळा करंट ४.७ किलोओमच्या जोडीतून वाहून यायला पाहिजे. त्या जोडीच्यानं एवढा करंट निघणं शक्यच नाही, म्हणून ग्राउंड मायनसकडं ओढलं गेलं. वर ६.९ आणि खाली १.९ का आले ते आता अगदी सरळ दिसतंय.

संध्याकाळी रिपेअरिंगच्या दुकानात मामांना आकडे दाखवले. चाळीसेक वर्षांपासून रेडिओ-टीव्हीत हात आहे त्यांचा. म्हणले, “आयसी कशाला बदलायलास, आधी कॉमन पक्कं कर. कॉमन हलायलं की मग काहीच खरं वाटत नाही बघ.” कॉमन म्हणजे हेच मधलं ग्राउंड.

१ फेब्रुवारी

मधलं ग्राउंड पक्कं करायचे तीन रस्ते आहेत. टीएलई२४२६ नावाचा तयार आयसी येतो, २० मिलिॲम्पिअरपर्यंत धरून ठेवतो, तो इथं मिळत नाही. दुसरं, ग्राउंडसाठी वेगळा बफर (व्होल्टेज तेच ठेवून करंट पुरवणारा टप्पा). तिसरं म्हणजे सरळ दोन बॅटऱ्या, दोघींच्या जोडावर जे मिळतं ते खरंखुरं ग्राउंड. मी तिसरं केलं.

सोबत अजून दोन बदल. १०० किलोच्या जागी १० किलो टाकला, इनपुटचा कंडेन्सर ०.१ चा होता तो १ मायक्रोफॅरड केला, नाहीतर खालचा खर्ज कापला गेला असता. आणि गेन ११ वरून ३ च्या आसपास आणला, ४.७ किलो आणि २.२ किलो टाकून. ११ पट गेन आजकाल कुणालाच लागत नाही, नुसता पॉट (व्हॉल्यूमचं बटण) थोडा हलवला की कान फाटतो आणि पॉटच्या अगदी सुरुवातीच्या भागात डावा-उजवा कधीच सारखा नसतो. आता आउटपुटला डीसी ७ आणि ५ मिलिव्होल्ट, वीसच्या आत आहे म्हणजे बिनघोर.

दोन बॅटऱ्या वापरणाऱ्यांनी एक नक्की पाळा, स्विच दोन पोलचाच घ्या. एकच बॅटरी तुटली आणि दुसरी चालू राहिली तर आउटपुट थेट एका बाजूला जाऊन चिकटतं आणि हेडफोनवर पूर्ण डीसी. एक बॅटरी आधी उतरली तरी हेच होतं, म्हणून दोन्ही एकदमच बदलायच्या.

५ फेब्रुवारी

उरूस चालू आहे, गावात पाय ठेवायला जागा नाही, दुकानाकडं जायचा विचार सोडला आणि घरीच बसलो. आणि घरीच मोठं काम निघालं.

रात्री गाणं थांबवून शांततेत ऐकत होतो तर कुठूनतरी बारीक आवाजात निवेदन यायलंय. नीट कान दिला तर आपलं परभणी आकाशवाणी! आमचं घर जिंतूर रोडच्या बाजूला, केंद्र जवळच, १३०५ किलोहर्ट्झ मिडियम वेव्ह. लहानपणापासून घरात रोज लागतं ते केंद्र, पण इथं रेडिओच नाही तर वाजतंय कसं. इनपुटची वायर अँटेना झालीय आणि ५५३२ च्या आतला पहिलाच ट्रान्झिस्टर रेडिओच्या डायोडसारखं काम करतोय.

गंमत अशी की व्हॉल्यूम शून्यावर नाही, फुल्लवर नाही, मधे ठेवला की जास्त ऐकू येतं. त्याला कारण आहे. १० किलोचा पॉट मधोमध असला की दोन्ही बाजूंना ५-५ किलो, आयसीला ते २.५ किलोसारखं दिसतं. दोन्ही टोकांना शून्याजवळ. जिथं रोध जास्त तिथं बाहेरचं जास्त चिकटतं.

इलाज: आयसीच्या इनपुट पिनेला अगदी लागून १ किलोओम सिरीजमधे आणि पिनेवरून ग्राउंडला २२० पिकोफॅरड. पॉट मधे असताना १ आणि २.५ मिळून ३.५ किलो, म्हणजे २०० किलोहर्ट्झच्या वरचं सगळं उतरायला लागतं, १३०५ ला जवळपास सहापट कमी, आणि गाण्याला धक्का नाही कारण कान वीस किलोहर्ट्झच्या वर जातच नाही. हे भाग चार इंच लांब पायांनी लावले तर काही उपयोग नाही, पाय कापून पिनेच्या बुडाशीच पाहिजेत. पॉटपर्यंतची वायर शिल्डवाली केली आणि शिल्ड एकाच टोकाला, त्या जाड तारेवर जोडलं.

रेडिओ अजून अगदी पुसट आहे. डबा धातूचा झाल्यावर बघू.

१३ फेब्रुवारी

मुंबईहून ओपीए२१३४ आला. बेसमधे बसवला, रेडिओ साफ बंद. याच्या इनपुटला फेट जातीचे ट्रान्झिस्टर असतात, ते रेडिओ लवकर पकडत नाहीत, आणि इनपुटचा करंट पिकोॲम्पिअरमधे, म्हणजे डीसीचं ते सगळं गणितच संपलं. आउटपुटला २ मिलिव्होल्ट.

पण आयसीवर बोट ठेवलं तर गरम. चांगला चटका नाही पण नुसत्या बसलेल्या आयसीनं इतकं तापायचं काम नाही. बॅटरीच्या लाल वायरमधे मीटर टाकला. या आयसीला दोन्ही चॅनेल मिळून ८ मिलिॲम्पिअरच्या आसपास लागतात, मीटर दाखवतोय २७. माझ्याकडं स्कोप (लहरी पडद्यावर दाखवणारं यंत्र) नाही, पण स्कोप नसला तरी हा पुरावा पुरेसा आहे, आयसी ऑसिलेट होतोय, म्हणजे आपला आपणच लहरी काढतोय, कानाला न ऐकू येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर. बोट वायरजवळ नेलं की मीटरचा आकडा बदलतो, ही अजून एक खूण.

५५३२ ला पुरत होते ते पॉवरचे कंडेन्सर बोर्डाच्या कडेला आहेत, बोटभर लांब. बोर्ड उलटा केला आणि १०० नॅनोचे सिरॅमिक दोन, पिन ८ वरून ग्राउंडला आणि पिन ४ वरून ग्राउंडला, थेट आयसीच्या पोटाखाली सोल्डर केले. फीडबॅकचा (आउटपुट परत इनपुटला आणणारा) रेझिस्टन्सही खालच्या बाजूनं पिनेपासून पिनेपर्यंत आखूड घेतला. चालू केलं, मीटरवर ८.४. पाच मिनिटांनी बोट ठेवलं तर गार.

आता आवाजाचं. सगळे विचारतात २१३४ नं आवाज किती गोड झाला. मी दोन्ही आयसी एकाच लेव्हलला आणून, आउटपुट मीटरवर जुळवून ऐकले, मला फरक सांगता आला नाही. डीसी कमी झाला, रेडिओ गेला, हा फायदा खरा आणि मोजता येणारा. लोक हजार-दोन हजारांचे आयसी बदलत बसतात आणि कंडेन्सर तसाच बोटभर लांब ठेवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण तेवढ्या पैशात दोन ॲम्प व्हतील.

२२ फेब्रुवारी

ॲम्प मित्राला दिला होता, गंगाखेडकडच्या एका गावच्या सप्त्यात घेऊन गेला. रात्री साडेदहाला फोन. “अरे बुवाच गायब झालेत. टाळ वाजायलाय, पखवाज वाजायलाय, बुवाचा आवाज विहिरीतून यायलाय. रेकॉर्डिंग गेलं का रे माझं?”

रेकॉर्डिंगला काही झालं नसणार हे फोनवरच कळलं. त्याला म्हणलं हेडफोनची पिन जरा दाबून, फिरवून बघ. त्यानं फिरवली आणि बुवा परत आले, सोडली की परत गेले.

आज बोर्ड हातात आला. भिंगाखाली जॅकचा ग्राउंडचा टॅग बघितला, सोल्डरचा थेंब चकचकीत दिसतोय पण टॅगच्या भोवती केसाएवढी गोल चीर, टॅग आत सुटा हलतोय. मोटरसायकलवर पन्नास किलोमीटर खडखडत गेलंय ते, जॅक नुसता सोल्डरवर लोंबत होता. आता असं होतं की हेडफोनचं कॉमन तुटलं की करंटला परत यायला वाट नाही, मग तो डाव्या कॉइलमधून निघून उजव्या कॉइलमधून दुसऱ्या चॅनेलमधे जातो. कानाला दोन्ही चॅनेलमधला फरक तेवढा ऐकू येतो. बुवांचा माईक मधोमध, म्हणजे दोन्हीकडं सारखा, तो कटला. टाळ डावीकडं, पखवाज उजवीकडं, ते राहिले. आणि मंडपाचा घुमणारा आवाज दोन्हीकडं वेगवेगळा असतो म्हणून विहिरीतून आल्यासारखं वाटलं.

कुणाच्याही हेडफोनमधे गायकाचा आवाज असा गेला तर आयसीला हात लावू नका, आधी ग्राउंडची वायर बघा. जॅक आता डब्याला नटानं आवळणार आणि तिथून बोर्डाला मऊ वायर नेणार.

८ मार्च

बॅटऱ्यांचा खर्च परवडत नाही, मेन्सवर (घरच्या लाईटवर) आणतोय. १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर, एसीचा डीसी करायला डायोडचा ब्रिज, १००० मायक्रोफॅरड, पुढं ७८१२ आणि ७९१२ (प्लस आणि मायनस १२ व्होल्ट पक्के देणारे रेग्युलेटर). परभणीत माझ्या टेबलावर एकदम शांत.

तेच मित्राच्या गावाकडच्या घरी संध्याकाळी लावलं तर घुंघुं चालू. मीटर लावला, लाईन २३० च्या जागी १८० व्होल्ट. शेतातल्या मोटारी चालू झाल्या की तिकडं एवढीच राहते. १८० ला १२ चे ९.४ व्होल्ट होतात, शिखर १३.३, डायोडचे ०.७ गेले की १२.६. ७८१२ ला १२ द्यायला १४ तरी आत पाहिजेत. म्हणजे रेग्युलेटरनं हात टेकले आणि लाईनची लहर सरळ पुढं.

मोठा ट्रान्सफॉर्मर घ्यायची गरज नाही. आपल्याला १२ लागतच नाहीत, २५० ओमला तीन व्होल्ट दिले तरी कान बधिर होईल. एलएम३१७ आणि एलएम३३७ घेतले, यांचं व्होल्टेज दोन रेझिस्टन्सनं आपण ठरवायचं, २४० ओम आणि १.५ किलो, १.२५ गुणिले ७.२५ म्हणजे ९.०६ व्होल्ट. आता १८० ला सुद्धा तीनेक व्होल्ट शिल्लक राहतात. घुंघुं गेलं.

बसवताना लक्ष ठेवा, ३१७ च्या पाठीचा पत्रा आउटपुटला जोडलेला असतो आणि ३३७ चा इनपुटला. दोन्ही एका डब्याला आवळायचे तर अभ्रकाची चकती आणि प्लास्टिकचा बुश पाहिजेच, आणि लावल्यावर मीटरनं डब्याशी शॉर्ट नाही ना ते बघायचं.

२३ मार्च

मित्राच्या परभणीच्या घरी वेगळीच तक्रार. लॅपटॉप चार्जिंगला लावला की हेडफोनमधे बारीक चिरचिर, चार्जर काढला की गायब. लॅपटॉपच्या कडेला हात लावला तर झिणझिण्या. चार्जरच्या आत एक छोटा कंडेन्सर मेन्सकडून आउटपुटच्या बाजूला असतोच, त्यातून थोडा करंट गळतो. अर्थिंग नीट असेल तर तो तिकडं जातो. नसेल तर ऑडिओ केबलच्या ग्राउंडमधून आपल्या ॲम्पमधे वाट काढतो.

तीन पिनचं सॉकेट आहे त्याच्याकडं, पण वायरमननं तपासलं तर अर्थ नावालाच. अंगणातला खड्डा बघितला. आपली काळी माती, मार्चपासून भेगा पडायला लागतात, माती सुकून पाईपापासून चार बोटं सुटलीय. पावसाळ्यात हेच अर्थिंग चांगलं काम करत असणार. वायरमननं खड्डा उकरून मीठ-कोळसा भरला, पाईपातून दोन बादल्या पाणी सोडलं आणि वरचा गंजलेला क्लॅम्प बदलला. चिरचिर गेली, झिणझिण्या पण गेल्या. आता उन्हाळाभर आठवड्याला बादलीभर पाणी टाकायचं कबूल केलंय त्यानं. हेडफोनसाठी नाही तर घरातल्या लेकरांसाठी टाक म्हणलं, फ्रिज आणि कूलर त्याच अर्थवर आहेत.

६ एप्रिल

आता माझ्या ३२ ओमकडं वळलो. २१३४ पस्तीस-चाळीस मिलिॲम्पिअरच्या पुढं देत नाही, आणि मला शिखराला ४४ लागतात. जोरात वाजवलं की पखवाजाच्या थापेला धार येते, ती ह्याचीच. एनजेएम४५५६ए ७० मिलिॲम्पिअर देतो. २०११ साली ओटू नावाचं हेडफोन ॲम्पचं डिझाइन खुलं झालं, त्यात हाच आयसी शेवटच्या टप्प्यात आहे, एकेका चॅनेलला दोन-दोन भाग जोडून, प्रत्येकाला १ ओमचा रेझिस्टन्स लावून. तीच कल्पना घेतोय: पुढं २१३४ गेनला, मग पॉट, मग ४५५६ गेन न घेता नुसता बफर. पॉट मधे आल्यामुळं गेनच्या टप्प्याचा खरखराटही पॉटबरोबर खाली जातो.

नवा बोर्ड, परत तीच तांब्याची जाड तार मधोमध. यावेळी हेडफोन जॅकचं ग्राउंड, पॉवरचं ग्राउंड आणि इनपुटचं ग्राउंड तारेच्या एकाच बिंदूवर आणलंय.

१४ एप्रिल

ॲल्युमिनियमच्या डब्यात सगळं बसलं. रेडिओ नाही, घुंघुं नाही. पॉवरचे रेल प्लस ९.०४, मायनस ९.०७ व्होल्ट. आउटपुट डीसी डावा ३, उजवा ४ मिलिव्होल्ट. ३३ ओमचा रेझिस्टन्स लावून अर्धा तास चालवला, आयसी कोमट.

एकच राहिलंय. आवाज अगदी बारीक असताना डावा चॅनेल उजव्यापेक्षा जास्त. पॉटवर बी१०के लिहिलंय, म्हणजे लिनियर, इथं तेवढाच मिळाला. ए१०के (लॉगवाला) मागवलाय, पण त्यातही दोन्ही गँग (डाव्या-उजव्या चॅनेलचे भाग) जुळलेले येतील याची खात्री नसते, म्हणून चार मागवलेत, मीटरवर प्रत्येकाचा सुरुवातीचा भाग मोजून त्यातला जुळणारा लावणार. मित्राला पुढच्या आठवड्यात पाथरीकडं रेकॉर्डिंग आहे, तोवर त्याला बी१०के वरच देतोय, मिक्सिंगला तो आवाज मधेच ठेवतो त्यामुळं त्याचं अडणार नाही.